‘द आउटसाइडर्स’ मुलांबरोबर पाहताना: परवान्यापासून चर्चेपर्यंत

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत सातवी-आठवीच्या इंग्रजीच्या तासाला एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसाइडर्स’ ही कादंबरी वाचायला असते. मुलगा किंवा मुलगी पुस्तक घरी आणते आणि मराठी आई-बाबा पहिल्यांदाच ते चाळतात. आई-बापाविना राहणारे तीन भाऊ, चाकूने झालेला खून, पळून जाणं, जळतं चर्च, दोन मृत्यू. पहिली प्रतिक्रिया काळजीची असते. न्यू जर्सीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पालकांत जानेवारीत हेच बोलणं निघालं आणि त्यातून ठरलं की पुस्तक सगळ्यांनी वाचायचं, फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा चित्रपट एकत्र बघायचा आणि मुलं व मोठी माणसं एकाच खोलीत बसून त्यावर बोलायचं. एप्रिलमध्ये ते पार पडलं. दुसऱ्या एखाद्या मंडळाला हे करायचं असेल तर पाटी कोरी असू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: कोणता चित्रपट दाखवायचा? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण या चित्रपटाबद्दल लोकांची मतं इतकी फाटलेली असण्याचं मोठं कारण इथेच आहे. मार्च १९८३ मध्ये थिएटरात आलेला चित्रपट ९१ मिनिटांचा होता. २००५ मध्ये कपोला यांनी सुमारे २२ मिनिटांची दृश्यं परत घालून ‘द कम्प्लीट नॉव्हेल’ या नावाने नवी आवृत्ती काढली. नुसती लांबी वाढली असं नाही. १९८३ च्या आवृत्तीला त्यांचे वडील कार्माइन कपोला यांचं भरघोस वाद्यवृंदाचं संगीत होतं. नव्या आवृत्तीत त्यातलं बरंचसं काढून त्या काळातलं रॉक संगीत घातलं. जुनी आवृत्ती शीर्षकगीतानंतर थेट रस्त्यावरच्या पोरांकडे जाते. नवी सुरू होते ती चित्रपट पाहून एकट्याने घरी निघालेल्या सगळ्यात धाकट्या भावाला, पोनीबॉयला, श्रीमंत सॉश पोरं गाठतात तिथून, म्हणजे कादंबरीसारखी. शेवटाजवळचं कोर्टाचं दृश्य आणि मधला भाऊ सोडापॉप कोलमडतो ते दृश्य जुन्या आवृत्तीत नाहीच. आता एकाने एक पाहिली असेल आणि दुसऱ्याने दुसरी, तर “भावांचं नातं नीट आलं नाही” आणि “भावांचं नातं हाच चित्रपटाचा जीव आहे” ही दोन्ही वाक्यं खरी असतात. लोक तासभर वाद घालतात आणि बोलत असतात वेगवेगळ्या चित्रपटांबद्दल.

म्हणून डिस्क हातात घेतली की मागच्या बाजूची मिनिटं बघा. ९१ असेल तर जुनी, ११४-११५ च्या आसपास असेल तर नवी. काही संचांत दोन्ही असतात, तिथे मेनूमध्ये नीट निवडावं लागतं. प्रमाणपत्रही वेगळं आहे: जुनी पीजी (पालकांचं मार्गदर्शन असावं), नवी पीजी-१३ (तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांना जास्त सावधगिरीची सूचना). पालकांना पाठवायच्या पत्रात हे लिहिलंच पाहिजे. आम्ही नवी आवृत्ती घेतली, कारण मुलं कादंबरी वाचून येणार होती आणि भावांची गोष्ट त्यांना तिथेच मिळणार होती. भारतातून आणलेली डीव्हीडी कोणी देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. तिकडची डिस्क रीजन ५ ची असते आणि इकडचा साधा प्लेअर रीजन १ ची मागतो, त्यामुळे ऐन वेळी पडद्यावर फक्त सूचना दिसते.

मग परवाना. इथे बहुतेक जण अडकतात. घरच्या नेटफ्लिक्स-ॲमेझॉनच्या खात्यावरून किंवा विकत घेतलेल्या डिस्कवरून सार्वजनिक जागी चित्रपट दाखवता येत नाही, तिकीट नसलं तरीही. शाळेच्या वर्गात शिकवण्याचा भाग म्हणून शिक्षकांनी विद्यार्थ्यांना दाखवला तर अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ११०(१) ची सूट आहे, पण ती नफा न कमावणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या वर्गापुरती. ग्रंथालयाच्या सभागृहात आजी-आजोबा, पालक, धाकटी भावंडं असा मेळा जमवला की त्या सुटीवर विसंबू नये. सोपा रस्ता असा, की गावातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे वार्षिक परवाना आहे का ते आधी विचारायचं. अनेक ग्रंथालयं स्वँक किंवा एमपीएलसी या परवाने देणाऱ्या कंपन्यांमार्फत तो घेतात. नुसतं “परवाना आहे का” विचारून थांबू नका. हे परवाने स्टुडिओनुसार चालतात, तेव्हा चित्रपटाचं नाव, वर्ष आणि अमेरिकेतला वितरक वॉर्नर ब्रदर्स असं सगळं ईमेलमध्ये लिहून “हा चित्रपट तुमच्या परवान्यात बसतो का” असं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आमचं उत्तर यायला दोनेक आठवडे गेले, कारण ग्रंथालयाच्या कर्मचाऱ्यांनाही पुढे विचारावं लागलं. परवाना ग्रंथालयाचा असल्यामुळे आम्हाला खर्च पडला नाही. स्वतंत्र एका खेळाचा परवाना घेतला असता तर काही शे डॉलर गेले असते.

परवान्याबरोबर जाहिरातीची अट येते, ती वाचून घ्या. छत्रीसारख्या सरसकट परवान्यात बहुधा चित्रपटाचं नाव बाहेर जाहीर करता येत नाही. ग्रंथालयाच्या आत आणि आपल्या सभासदांच्या यादीवर चालतं, फेसबुकच्या सार्वजनिक पानावर पोस्टर टाकणं चालत नाही. आमच्या जाहीर पत्रकावर “कादंबरी आणि चित्रपट: मुलांबरोबर चर्चा” एवढंच होतं. नाव सभासदांच्या ईमेलमध्ये.

खोलीच्या अर्जाला लागणारी कागदपत्रं वेळखाऊ असतात. मंडळ नफा न कमावणारी करमुक्त संस्था असल्याचं आयआरएसचं, म्हणजे करखात्याचं, ५०१(सी)(३) चं पत्र, विम्याचा दाखला आणि त्यात ग्रंथालयाचं नाव घातलेलं, जबाबदार व्यक्तीची सही, प्रवेश विनामूल्य असल्याची हमी. विमा कंपनीकडून नाव घातलेला दाखला यायला आठवडा धरून चला. खाण्याला परवानगी आहे का, आणि असेल तर गरम पदार्थ चालतात का, हेही अर्जातच विचारा. आम्हाला सुकं खाणं आणि पाणी एवढीच मुभा होती, मग चिवडा, लाडू आणि मोसंबी. खोली चार तासांची घेतली: अर्धा तास मांडामांड, जवळजवळ दोन तास चित्रपट, मधली सुट्टी, तासभर चर्चा, आवराआवर. तीन तास घेतले असते तर चर्चा कापावी लागली असती. इतक्या खटाटोपाचं कारणच चर्चा.

पुस्तकाच्या प्रती फेब्रुवारीत गोळा केल्या. शाळेत ते एखाद्या सत्रात शिकवायला असेल तर ग्रंथालयाच्या प्रती आधीच अडकलेल्या असतात, म्हणून रांगेत नाव लवकर लावा. बऱ्याच ग्रंथालयांकडे वाचनगटांसाठी एकाच पुस्तकाच्या अनेक प्रतींची पिशवी मिळते, तिची चौकशी करा. नव्या कागदी प्रतीपेक्षा जुनी बरीच स्वस्त पडते. प्रकरणांच्या झेरॉक्स काढू नका. पोनीबॉय आणि त्याचा मित्र जॉनी चर्चमध्ये लपलेले असताना रॉबर्ट फ्रॉस्ट यांची जी आठ ओळींची कविता येते ती मात्र १९२३ ची आहे आणि अमेरिकेत २०१९ पासून सर्वांसाठी खुली आहे. ती छापून वाटता येते. आम्ही प्रत्येक खुर्चीवर एक ठेवली.

पालकांना पाठवलेलं पत्र महत्त्वाचं. त्यात काय घडतं ते झाकून न ठेवता लिहिलं: जॉनीच्या घरी मारहाण आहे, एक मुलगा चाकूने मारला जातो, मुलं सिगारेट ओढतात, एक भाजून आणि पाठ मोडून मरतो, एक पोलिसांच्या गोळ्यांनी मरतो. वय बारा आणि पुढे, बरोबर घरचं मोठं माणूस हवंच, आणि मूल केव्हाही बाहेर जाऊ शकतं. एका पालकांनी विचारलं की हे पुस्तक शाळेत असतंच कसं. प्रश्न रास्त होता, आणि नवा नव्हता. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने काढलेल्या १९९० च्या दशकातल्या सर्वाधिक आक्षेपित शंभर पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक आहे. त्याच पत्रात त्याची दुसरी बाजूही सांगितली: हिंटन यांनी ते पंधराव्या वर्षी लिहायला घेतलं, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात हायस्कूलमध्ये शिकत असताना. १९६७ मध्ये ते छापून आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आणि चित्रपट झाला तोही मुलांमुळे. कॅलिफोर्नियात फ्रेझ्नोजवळच्या लोन स्टार शाळेच्या ग्रंथपाल जो एलन मिसाकियन आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी १९८० मध्ये सह्यांचं पत्र आणि पुस्तकाची प्रत कपोलांना पाठवली होती. हे वाचल्यावर काळजीचे दोन-तीन फोन आले, नकार एकही आला नाही.

खेळाच्या आठवडाभर आधी एकदा खोलीत जाऊन सगळं लावून बघा, याच डिस्कवर आणि याच तारेवर. जुना प्रोजेक्टर आणि ब्लू-रे यांच्यामध्ये एचडीएमआयचा स्प्लिटर असला की कॉपीविरोधी संरक्षण आड येतं आणि पडदा काळा राहतो. प्लेअर सरळ प्रोजेक्टरला जोडला की बहुतेक वेळा सुटतं. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नसते, तेव्हा स्वतंत्र प्लेअर न्या. खिडक्यांचे पडदे नीट बंद होतात का ते पाहा, कारण गोष्टीचा कणा असलेला प्रसंग रात्रीचा आहे. बागेतल्या कारंज्यापाशी सॉश पोनीबॉयचं डोकं पाण्यात दाबतात आणि जॉनी चाकू चालवतो. खोलीत उजेड असेल तर कोण कुणाला काय करतंय हे मागच्या रांगेला कळतच नाही, आणि नंतर “जॉनीने उगाच मारलं” असं मत तयार होतं. आवाज लावताना गाण्याच्या जागेवर नाही, कुजबुजीच्या संवादावर लावा. नव्या आवृत्तीत गाणी जोरात येतात. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. आजी-आजोबांना तर लागतातच, ओक्लाहोमाचा हेल आणि साठच्या दशकातली बोली मुलांनाही लागते.

मधली सुट्टी कुठे घ्यायची याला उत्तर एकच: दोघं चर्चमध्ये जाऊन लपतात तिथे. आगीनंतर घेतली तर मुलं रडवेल्या चेहऱ्याने चिवडा खातात आणि सूर हरवतो.

आता मतं. चित्रपट संपल्यावर लगेच चर्चा सुरू केली की पहिला बोलणारा बाकीच्यांचं मत ठरवून टाकतो, आणि तो बहुधा कुणाचा तरी बाबा असतो. म्हणून आधी दहा मिनिटं शांतता आणि कागदाच्या चिठ्ठ्या. पिवळी चिठ्ठी पुस्तक वाचलेल्यांना, पांढरी न वाचलेल्यांना. नाव लिहायचं नाही, फक्त मूल की मोठं माणूस तेवढी खूण. प्रश्न दोन: कोणता माणूस चित्रपटाने नीट दाखवला, आणि कोणावर अन्याय झाला? “आवडला का” असं विचारू नका, त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं आणि पुढे काही उरत नाही.

चिठ्ठ्या वाचताच रंगांचा फरक दिसला. पिवळ्या चिठ्ठ्यांत मोठा भाऊ डॅरी अन्याय झालेला म्हणून पुन्हा पुन्हा आला. कादंबरीत पोनीबॉय पहिल्या पानापासून स्वतःच बोलतो, त्यामुळे डॅरीचा राग, त्यामागची भीती आणि वीस वर्षांच्या पोराने घर चालवताना सोडलेलं कॉलेज हे वाचकाला हळूहळू उमगतं. पडद्यावर डॅरी आधी ओरडणारा, एक थप्पड मारणारा माणूस दिसतो. पांढऱ्या चिठ्ठ्यांत, म्हणजे न वाचलेल्यांत, तोच डॅरी “सगळ्यात समजूतदार” म्हणून आला, आणि हे लिहिणारे बहुतेक पालक होते. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी वाचून दाखवल्या तेव्हा चर्चेला खरं तोंड फुटलं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, “तुम्हाला तो आवडला कारण तो तुमच्यासारखा ओरडतो.” तिच्या आईने शांतपणे उत्तर दिलं, “हो, आणि तो का ओरडतो ते मला पुस्तक न वाचता कळलं.” पुढची वीस मिनिटं सूत्रसंचालनाची गरज पडली नाही.

डॅलीबद्दल, म्हणजे पोलिसांच्या गोळ्यांनी मरणाऱ्या मित्राबद्दल, जवळपास एकमत: त्याची भूमिका करणारा मॅट डिलन पुस्तकातून उठून आल्यासारखा वाटतो. सोडापॉपबद्दल मतं मऊ होती. इथे आधीची माहिती कामी आली, कारण सोडापॉप झालेल्या रॉब लो याच्या वाटची बरीच दृश्यं १९८३ मध्ये कापली गेली होती आणि ज्या एक-दोन पालकांनी पूर्वी जुनी आवृत्ती पाहिली होती त्यांना हा भाऊ आठवतच नव्हता. टॉम क्रूझसाठी आलेल्यांनी आधीच समजून घ्यावं की त्याची भूमिका छोटी आहे.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दिसण्यावर. केशरी सूर्यास्त, क्षितिजावर काळ्या आकृती, रंगवल्यासारखं आकाश. १९८३ मध्येही समीक्षक यावरच फाटले होते. ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये व्हिन्सेंट कॅन्बी यांनी चित्रपटाला झोडपलं, रॉजर एबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले. आमच्या खोलीतही काहींचं म्हणणं पडलं की गरिबी इतकी देखणी दाखवली की तिची धार गेली. माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे आणि ते तिथेही मांडलं. हे सगळं चौदा वर्षांच्या, सूर्यास्त बघत बसणाऱ्या आणि लपल्या जागी ‘गॉन विथ द विंड’ वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांतून आहे. कपोलांनी त्या कादंबरीवरच्या जुन्या भव्य चित्रपटाचा रंगढंग मुद्दाम उचलला, कारण पोनीबॉयला स्वतःचं आयुष्य तसंच दिसतं. पण वाद्यवृंदाऐवजी रॉक संगीत आलं की तो रंगढंग थोडा अर्धवट राहतो, ही तक्रार मला पटते. संगीताच्या बाबतीत जुनी आवृत्ती सरस आहे आणि माणसांच्या बाबतीत नवी.

डॅलीच्या मृत्यूकडे चर्चा जाणारच, तेव्हा तयारी ठेवा. तो रिकामं पिस्तूल पोलिसांवर रोखतो. मुलांनी सरळ सांगितलं की त्याला मरायचंच होतं. मोठी माणसं गप्प झाली. अशा वेळी विषय बदलू नका. आम्ही वाटलेल्या कागदाच्या खाली ९८८ हा नंबर छापला होता. जुलै २०२२ पासून अमेरिकेत मनावरच्या संकटात मदतीसाठी तो फोन किंवा मेसेज करून वापरता येतो. तो मोठ्याने वाचून दाखवला आणि मग जॉनीच्या घराबद्दल बोललो. चर्चेत मुलं इंग्रजीत आणि मोठी मराठीत बोलली. आधीच तसं ठरवून ठेवलं तर मुलं मोकळी होतात. मात्र एक माणूस दोन्हीकडचं आजी-आजोबांना आणि मुलांना थोडक्यात सांगणारा हवा.

सातवीतल्या एका मुलाच्या चिठ्ठीवर प्रश्नांचं उत्तर नव्हतं, फक्त लिहिलं होतं की आपल्या शाळेतल्या सॉशच्या टेबलावर भारतीय मुलंही बसतात. ही चिठ्ठी मोठ्याने वाचली नाही. नाव नसलेल्या चिठ्ठीवरचा मजकूर वाचायचा की नाही हे वाचणाऱ्याने ठरवायचं, हा नियम आधीच सांगून ठेवा. अक्षरावरून कोण ते ओळखू येतं.

नंतरची कामं: उपस्थितांचा आकडा ग्रंथालयाला कळवणं (परवान्यासाठी त्यांना तो लागतो), पुस्तकांची पिशवी मोजून परत करणं, पालकांना आभाराच्या पत्रात दोन्ही आवृत्त्यांचा फरक पुन्हा लिहून पाठवणं. आता मुलांची मागणी आहे की दोन्ही आवृत्त्यांची पहिली दहा मिनिटं लागोपाठ लावून बघायची. त्यासाठीही परवाना तोच लागतो, दहा मिनिटं आहेत म्हणून सूट नाही. ग्रंथालयाला ईमेल गेली आहे आणि सप्टेंबरमधल्या एका शनिवारची खोली मागितली आहे.